नूतन संवत्सराचा संकल्प : पंचांगाच्या आधारे दीर्घ उद्दिष्टांचे चिंतन

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे नगर-पाथर्डी रस्त्यावरील जुने गाव होय. गर्भगिरीच्या डोंगररांगेतील श्रीक्षेत्र वृद्धेश्वर, मढी येथील श्री कानिफनाथांची संजीवन समाधी आणि पलीकडे बीड जिल्ह्याच्या हद्दीतील मायंबा येथील श्री मच्छिंद्रनाथांचे स्थान, या नाथस्थानांकडे नगरच्या बाजूने येणारे यात्रेकरू तिसगावावरूनच पुढे जातात. मढीची यात्रा होळीपासून सुरू होते, रंगपंचमीला ती ऐन भरात येते आणि गुढीपाडव्यास पैठणहून कावडीने आणलेल्या गोदाजलाने समाधीस स्नान घातले जाते. अर्थात या यात्रेस येणारा भाविक शालिवाहन शकाच्या अखेरच्या पंधरवड्यात घराबाहेर पडतो आणि घरी परततो तेव्हा वर्ष बदललेले असते.

वर्षाच्या या सांध्यावर मनात अनेक प्रश्न दाटून येतात. यंदा पाऊस कसा होईल, साडेसाती केव्हा सुटेल, मुलीचे लग्न जमेल काय, विहिरीला पाणी लागेल काय. पूर्वी पाडव्याच्या सकाळी ग्रामजोशी पंचांग घेऊन घरोघरी येत आणि कडुनिंबाच्या प्रसादानंतर संवत्सरफल वाचून दाखवीत. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पाच अंगांच्या श्रवणाने अनुक्रमे संपत्ती, आयुष्य, पापनाश, रोगनिवारण आणि कार्यसिद्धी ही फळे मिळतात, अशी परंपरेची धारणा आहे. १८४१ साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांच्या छापखान्यातून मराठी पंचांग छापून निघाले आणि जोशांच्या पोथीतील ही विद्या हळूहळू घराघरांत पोहोचली. पुढे सोलापूरच्या दाते पंचांगाने शके १८३८ पासून महाराष्ट्रात आपले स्थान निर्माण केले. १९७३ पासून तर ‘कालनिर्णय’च्या रूपाने पंचांग स्वयंपाकघराच्या भिंतीवरच येऊन बसले. साधने बदलली, प्रश्न मात्र तेच राहिले. या सर्व प्रश्नांत एक गोष्ट समान आहे. ते बहुधा एका वर्षापुरते असतात आणि त्यांचे उत्तर ग्रहांनी द्यावे अशी अपेक्षा असते.

वस्तुतः पंचांगात दडलेली कालगणना एका वर्षाहून फार मोठी आहे. बारा वर्षे, तीस वर्षे, साठ वर्षे अशी लांब पल्ल्याची मापे तिच्यात आहेत. नववर्षापूर्वी स्वतःच्या आयुष्यातील दीर्घ उद्दिष्टांचा विचार करणाऱ्यास ही मापे कशी उपयोगी पडतात आणि कोणत्या बाबतीत त्यांच्यावर विसंबणे घातक ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पात आकाश कोठून आले?

कोणत्याही पूजेच्या आरंभी यजमान उजव्या हातात पाणी घेऊन संकल्प सोडतो. बहुतेकांस तो मंत्रांचा एक भाग वाटतो व पुरोहित जे म्हणतील त्याची पुनरुक्ती करून ते मोकळे होतात. परंतु संकल्पाची रचना लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. प्रथम स्थळ सांगितले जाते. भारतवर्ष, दंडकारण्य आणि मग गोदावरीचा तीर. तिसगाव, मढी व वृद्धेश्वर ही स्थाने गोदावरीच्या दक्षिणेस असल्याने येथे दक्षिण तीर म्हणावयाचे. प्रवरासंगमापलीकडून येणाऱ्या भाविकाच्या घरी हाच शब्द उत्तर तीर असा होतो.

स्थळानंतर काळ येतो. शालिवाहन शकातील संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. त्यानंतर ग्रहांची स्थिती सांगितली जाते आणि येथे एक लक्षणीय गोष्ट आढळते. नऊ ग्रहांपैकी केवळ चंद्र, सूर्य आणि देवगुरू बृहस्पती या तिघांचीच रास नावाने उच्चारली जाते. उरलेले ग्रह आपापल्या स्थानी आहेत, एवढेच म्हटले जाते. जनमानसात ज्यांचे भय फार, ते शनी, राहू, केतू व मंगळ ‘उरलेल्यां’त मोडतात.

हे तिघेच का? चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस असतो व महिन्याभरात आकाश फिरून येतो. सूर्यास एका राशीत एक महिना व संपूर्ण फेरीस एक वर्ष लागते. गुरू एका राशीत सुमारे एक वर्ष राहतो आणि बारा राशी फिरण्यास त्यास बारा वर्षांना थोडा कमी, अचूक सांगावयाचे तर ११.८६ वर्षांचा, काळ लागतो. घड्याळाचे सेकंद, मिनीट व तास असे तीन काटे असावेत, तसे हे तीन गतीचे तीन ग्रह आहेत. यजमान ज्या क्षणी उभा आहे तो क्षण या तिन्ही मापांनी निश्चित केला जातो. त्यानंतर गोत्र व नाव, आणि सर्वांत शेवटी हेतू. आकाशाची स्थिती आधी सांगितली गेली, तरी हेतू आकाश सांगत नाही. तो यजमानाने सांगावयाचा असतो. तो जागेवर सुचला नाही म्हणजे पुरोहित ‘सकुटुंब क्षेम, स्थैर्य, आयुरारोग्य’ असे सर्वांस लागू पडणारे शब्द घालून वेळ निभावून नेतात. तेथे पुरोहितास दोष देता येत नाही.

संवत्सराचे नाव आणि त्याची भीती

शके १९४८ चे, म्हणजे १९ मार्च २०२६ रोजी सुरू झालेल्या वर्षाचे नाव ‘पराभव’ असे आहे. साठ संवत्सरांच्या चक्रातील हे चाळिसावे नाव. शुभकार्याच्या पत्रिकेवर असे नाव छापावयाचे म्हणजे मन कचरते. कित्येकांनी नवे काम एक वर्ष पुढे ढकलावे काय, अशी पृच्छाही केली असेल.

या शंकेचे निरसन इतिहासच करतो. संवत्सराचे नाव काढण्याची रीत सोपी आहे. शकाच्या आकड्यात १२ मिळवावे व ६० ने भागावे. जी बाकी उरेल तितके संवत्सर ‘प्रभव’पासून मोजावे. १९४८ मध्ये १२ मिळविता १९६० होतात आणि ६० ने भागून बाकी ४० उरते. इसवी सनावरून शक काढण्यासाठी पाडव्यानंतरच्या तारखेतून ७८ वजा करावेत. याच रीतीने १८७६ साल पाहावे. त्या वर्षी दख्खनमध्ये पावसाने दगा दिला आणि अहमदनगरसह अनेक जिल्ह्यांत भीषण दुष्काळ पडला. तो शके १७९८ होता व संवत्सराचे नाव होते ‘धाता’, म्हणजे धारण-पोषण करणारा. ज्या वर्षाने अन्नासाठी माणसे दाही दिशांस पांगविली, त्या वर्षाचे नाव पालनकर्त्याचे होते.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्राच्या जन्माचे आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. तो शके १८८२, संवत्सर ‘शार्वरी’. शार्वरी म्हणजे रात्र. नंतर साठ वर्षांनी, शके १९४२ मध्ये, म्हणजे २०२० साली, हेच नाव फिरून आले. त्या वर्षी पाडव्याच्या दिवशी सारा देश कोरोनाच्या टाळेबंदीत घरात बसला होता. एकच नाव, परंतु पहिल्या खेपेस राज्याचा उत्सव आणि दुसऱ्या खेपेस बंद देवळे. देश स्वतंत्र झाला ते संवत्सर ‘सर्वजित्’ होते हे खरे, पण नाव जुळले म्हणून ते आठवते. न जुळलेली नावे कोणी लक्षात ठेवीत नाही.

संवत्सराच्या राजा-मंत्र्यांचेही असेच आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदा ज्या वारी येते त्या वाराचा स्वामी वर्षाचा राजा व मेष संक्रांतीच्या वाराचा स्वामी मंत्री, असा सर्वसाधारण नियम आहे. गुरुवारी पाडवा आला की गुरू राजा. ‘पराभव’ संवत्सराचा पाडवा गुरुवारीच होता. नाव ऐकून घाबरलेल्यास राजा ऐकून धीर यावा, अशी ही सोय म्हणावी लागेल!

नावाची भीती बाजूस सारली म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातील खरा विषय दिसू लागतो. साठ हा आकडा सहज आलेला नाही. गुरूच्या पाच फेऱ्या आणि शनीच्या दोन फेऱ्या ढोबळमानाने साठ वर्षांत पूर्ण होतात. दर वीस वर्षांनी हे दोन ग्रह आकाशात एकमेकांजवळ येतात. २१ डिसेंबर २०२० च्या सायंकाळी त्यांची अत्यंत निकटची युती अनेकांनी डोळ्यांनी पाहिली. अशा तीन युती झाल्या की चक्र पुरे होते. म्हणूनच माणसाची साठ वर्षे पूर्ण झाली म्हणजे षष्ट्यब्दिपूर्तीची शांती करतात. त्याच्या जन्माचे संवत्सर पुन्हा आलेले असते. एकच संवत्सर आयुष्यात फार तर दोनदा पाहावयास मिळते. आज जे बालक मांडीवर आहे ते पुढचा ‘पराभव’ २०८६ साली आजोबा किंवा आजी होऊन पाहील. त्याला तेव्हा गावच्या शिवारात काय दिसावे, या प्रश्नाचे उत्तर पंचांगात छापलेले नसते. बांधावर आज लावलेले चिंचेचे रोप मात्र त्या वेळी मोठा वृक्ष होऊन उभे असू शकते.

गुरूची बारा वर्षे

साठ वर्षांचे माप घराण्यासाठी व गावासाठी. एका संसारासाठी बारा वर्षांचे माप अधिक सोयीचे, आणि ते नगर-नाशिककडील भाविकांस चांगले परिचयाचे आहे. गुरू सिंह राशीत आला म्हणजे नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. २००३, २०१५ आणि त्यानंतर २०२७, अशी ही साखळी आहे.

या साखळीत एक हिशेब सहज बसतो. २०१५ च्या जून महिन्यात, सिंहस्थाच्या वर्षी, जी मुलगी पहिलीच्या वर्गात बसली, ती अखंड शिकत राहिली तर २०२७ च्या आरंभी बारावीच्या परीक्षेस बसते. गुरूची एक प्रदक्षिणा म्हणजे पहिली ते बारावी. बृहस्पतीस विद्येचा कारक म्हणतात, त्याचा याहून सुबोध अर्थ दुसरा कोणता लावावा? कुंडलीत गुरू उच्चीचा आहे की नीचीचा, याची चौकशी मुलीच्या लग्नाच्या वेळी अगत्याने होते. तिच्या शाळेच्या बारा वर्षांत किती वर्षे तिला ऊसतोडीच्या फडावर धाकट्या भावास सांभाळत बसावे लागले, हा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही.

पाथर्डी व शेजारच्या तालुक्यांतील यात्रेकरूंस हा विषय समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे बैलगाडी किंवा ट्रॅक्टरने कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्यात, पाडवा ते अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, गावी परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल फिटली की उरते ते हाती, न फिटल्यास पुढील हंगामाच्या खाती. सालगड्याचे सालही पाडव्यास संपते व पाडव्यासच नवे ठरते. म्हणजे पाडवा हा या भागात जमाखर्चाचा आणि कराराचा दिवस आहे. परंतु करार एका वर्षाचा असतो. वर्षामागून वर्षाचा करार करीत गेले की बारा वर्षे केव्हा निघून गेली ते कळत नाही, आणि पुढच्या सिंहस्थाच्या वेळी लेकही कोयता घेऊन उभी असते. ‘यंदा’ या शब्दाने विचार सुरू झाला की उचलीशिवाय मार्ग दिसत नाही. ‘येत्या गुरूच्या फेरीत’ असा विचार सुरू झाला, तर मुलीचे वसतिगृह, मुलाचा आयटीआय, शेतातील बांधबंदिस्ती, दोन शेळ्यांच्या दहा शेळ्या होणे, या गोष्टी क्रमाने मांडता येतात. त्या सर्व पार पडतीलच असे नाही. मांडल्याच नाहीत, तर एकही पार पडत नाही.

शनीची तीस वर्षे

ग्रहांत सर्वाधिक धास्ती शनीची, आणि अहिल्यानगर जिल्ह्यात तर श्रीक्षेत्र शनिशिंगणापूरच आहे. तेव्हा याविषयी काही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे.

शनीस बारा राशी फिरण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. एका राशीत तो अंदाजे अडीच वर्षे असतो. जन्मराशीच्या मागची, जन्मराशी व पुढची, अशा तीन राशींतून शनी जातो तो साडेसात वर्षांचा काळ म्हणजे साडेसाती. यातून दोन गोष्टी साध्या गणिताने निघतात. पहिली अशी की बारांपैकी तीन राशींना कोणत्याही दिवशी साडेसाती असतेच. दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या दर चार माणसांत ढोबळमानाने एकास ती असते. दुसरी अशी की दीर्घायुषी माणसास ती दोन-तीनदा येऊन जाते. इतक्या सर्वांना, इतक्या वेळा येणाऱ्या गोष्टीस एखाद्याच्या घरावर कोसळलेले संकट मानणे, हे गणितास धरून होत नाही.

२९ मार्च २०२५ रोजी शनीने मीन राशीत प्रवेश केला. तो दिवस शनिवार होता, फाल्गुनी अमावास्याही होती आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. मकर राशीची साडेसाती संपली, मेषेची लागली. अशा योगावर तेलाभिषेक, दान, शांती यांची लगबग होते व ती श्रद्धेचा विषय आहे. पण अशा दिवशी आणखी एक काम करण्यासारखे आहे, आणि त्यास एक पैसाही लागत नाही. शनी यापूर्वी मीन राशीत केव्हा होता ते पाहावे. १९९६ साली तो मीनेतच होता. त्या वर्षी आपले घर कसे होते? कुडाचे की दगडमातीचे? घरात कोण कोण होते, त्यांतील कोण आज नाही? विहिरीचे पाणी किती परसांवर लागत होते आणि आता बोअर किती फुटांवर गेले? कर्ज किती होते व कशासाठी काढले होते? त्या वेळी ज्या गोष्टीची रात्रंदिवस काळजी वाटत होती, ती आज आठवते तरी काय? तीस वर्षांपूर्वीचा एक दिवस असा नीट उभा केला म्हणजे पुढील तीस वर्षांचा अंदाज करण्याचे धैर्य येते. घरातील वडीलधाऱ्यांस सोबत घेऊन बसावे. त्यांना तारखा आठवत नसतील, पण ‘तुझ्या जन्माच्या आधीच्या दुष्काळात’ किंवा ‘थोरलीचे लग्न झाले त्या साली’ असे त्यांचे स्वतःचे पंचांग असते आणि ते क्वचितच चुकते.

शनीला मंद म्हणतात, कारण तो हळू चालतो. घर बांधणे, जमीन सुधारणे, कर्ज फेडणे, पोरे मार्गी लावणे, ही सर्व कामेही हळूच चालतात. साडेसातीत कष्ट पडतात असे म्हणतात. ज्या साडेसात वर्षांत कष्ट पडले नाहीत अशी साडेसात वर्षे या दुष्काळी पट्ट्यातील किती घरांनी पाहिली असतील, हा प्रश्न येथे सोडून द्यावा.

जेथे पंचांगास विचारू नये

आता दुसरी बाजू. पंचांगातील पर्जन्यविचार शेतकरी आवडीने वाचतात. सूर्य मृग नक्षत्रात ७ किंवा ८ जूनच्या सुमारास येतो व तेथून हस्तापर्यंत, पुढे चित्रा-स्वातीपर्यंत, पावसाची नक्षत्रे चालतात. प्रत्येक नक्षत्रास घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती यांपैकी एक वाहन असते. सूर्य नक्षत्रात शिरतेवेळी चंद्र त्या नक्षत्रापासून कितव्या नक्षत्रात आहे हे मोजून त्यास नऊने भागतात व बाकीवरून वाहन ठरते. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला, असा समज आहे. नक्षत्रांची ही विभागणी पेरणी-कुळवणीच्या कामांचे वेळापत्रक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली आहे, यात शंका नाही. वाहनाचे मात्र तसे नाही. याच जिल्ह्यात पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाई-घाटघरच्या सह्याद्रीत हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पूर्वेस पाथर्डीत पर्जन्यछायेमुळे काही शे मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. वाहन दोन्हीकडे एकच असते. हत्तीवर भरवसा ठेवून घाईने पेरणी केली आणि दुबार पेरणीचे बियाणे उसनवारीने आणावे लागले, तर तो खर्च पंचांगकर्ते भरून देत नाहीत. पेरणीसाठी जमिनीतील ओल पाहावी, हवामान खात्याचा अंदाज ऐकावा आणि कृषी सहायकास विचारावे.

माणसाच्या कुंडलीबाबतही मर्यादा ओळखावी. २००८ साली पुण्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर बौद्धिक दिव्यांग मुलांच्या जन्मपत्रिका एकत्र केल्या आणि सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन कोणती कोणत्या मुलाची हे सांगण्यास विनंती केली. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. एकंदरीत निम्म्याहून थोडीशी कमीच उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून ठरविले असते तरी सुमारे तेवढीच आली असती. अर्थात एका चाचणीने सर्वांचे समाधान होत नाही आणि त्या वेळीही झाले नाही. तथापि मुलास कोणत्या शाखेत घालावे, शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, जमीन विकावी की ठेवावी, अशा बाबतींत केवळ पत्रिकेच्या आधारे पाऊल टाकणाऱ्याने ही चाचणी ध्यानात ठेवलेली बरी. मूळ नक्षत्रावर जन्मली किंवा मंगळ आहे म्हणून मुलीस नाकारणे हे तर धर्मालाही शोभत नाही.

यावरून पंचांग टाकाऊ ठरत नाही. तिथी, ग्रहणे, ग्रहांचे राशिप्रवेश हे त्यातील गणित आहे व ते पडताळून पाहता येते. पंचांगातील गणित आकाशाशी जुळावे यासाठी लोकमान्य टिळकांसारख्यांनी परिश्रम घेतले. फलादेश हा त्या गणितावर चढविलेला अर्थ होय. दीर्घ उद्दिष्टांच्या चिंतनास गणित पुरते. बारा, तीस व साठ वर्षांची मापे त्यातूनच मिळतात.

पाडव्यापूर्वीचा पंधरवडा

होळीत जुने जाळावे व पाडव्यास नवे उभारावे, असा हा पंधरवडा आहे. रंगपंचमी ते अमावास्या या दहा दिवसांत घरातील सर्वांनी एकदा एकत्र बसावे. एका वहीत प्रथम मागील सिंहस्थापासून, म्हणजे साधारण बारा वर्षांतील, ठळक गोष्टी लिहाव्यात. झालेल्या व राहून गेलेल्या, दोन्ही. त्यानंतर गुरू आज ज्या राशीत आहे तेथे तो फिरून येईल तेव्हा घरातील प्रत्येकाचे वय काय असेल ते लिहावे. हा आकडा कागदावर आला की पुष्कळ गोष्टी आपोआप बोलू लागतात. आज ४८ वर्षांचा असलेला बाप ६० चा होईल. दहा वर्षांची मुलगी २२ ची. डोंगराकडेच्या मुरमाड रानात आंबा लावावयाचा की नाही, हा वाद मग फार काळ चालत नाही.

उद्दिष्ट एकच घ्यावे, फार तर दोन. व्यसन सोडणे, सावकाराचे देणे, मुलीची पदवी, आईचे डोळ्यांचे ऑपरेशन, असे ते नाव घेऊन सांगता येण्यासारखे असावे. पुरोहितांस आधी सांगून ठेवल्यास संकल्पाच्या वेळी ते मराठीतही उच्चारता येते. हेतू मातृभाषेत सांगितल्याने पूजेत काही उणे पडत नाही. गुढीपाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त असल्याने त्या दिवशी आरंभासाठी वेगळा मुहूर्त काढून घेण्याची आवश्यकता नसते. ज्या वर्षी अधिक मास येतो, जसा शके १९४८ मध्ये अधिक ज्येष्ठ, त्या महिन्यात नवीन मंगलकार्य करीत नाहीत. पाडव्यास ठरविलेल्या कामाची चौकशी करण्यास तो रिकामा महिना उत्तम.

देणगीदारांसाठीही एक सूचना येथे अस्थानी होणार नाही. ग्रहपीडेच्या भीतीने दिलेली देणगी बहुधा एकदाच येते व भय ओसरले की थांबते. देवस्थानास उपयोगी पडते ती काळ ठरवून केलेली सेवा. पाण्याची टाकी बांधून देणाऱ्याने तिच्या बारा वर्षांच्या सफाई-दुरुस्तीचाही विचार केला, वृक्षारोपणासाठी रक्कम देणाऱ्याने पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची तजवीज केली, तर ती टाकी व ते झाड पुढच्या पिढीच्या यात्रेकरूंस दिसेल. गर्भगिरीच्या उघड्या डोंगरांवर पावसाळ्यात लावलेली रोपे वैशाखात जळून जातात, हे येथे दरवर्षी पाहावयास मिळते. अन्नदानासाठी वार्षिक तिथी ठरवून घेण्याची पद्धतही याच कारणाने चांगली. आई-वडिलांच्या तिथीस अन्नदान ठरविले की मुलानातवंडांनाही ती तिथी माहीत राहते.

‘पराभव’नंतरचे संवत्सर ‘प्लवंग’. शके १९४९ चा गुढीपाडवा बुधवार, दिनांक ७ एप्रिल २०२७ रोजी येतो. यात्रेस येणाऱ्या कुटुंबांनी वरील वही सोबत आणावी. मढीचे दर्शन झाल्यावर परतीच्या वाटेवर वृद्धेश्वरास निवांत बसून ती वाचण्यास पुरेसा वेळ मिळतो. सकाळच्या वेळी तेथे गर्दीही कमी असते.